कुणी न सांगितलेला फोटो

आमचे फोटोमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, पायांकडे बघायचे. सेंटरचं दार उघडलं की त्यांची नजर खाली. पेशंट भिंत धरून येतो की कुणाच्या खांद्यावर हात ठेवून, पाय फाकवून टाकतो की जवळजवळ, वळताना थबकतो का, हे सगळं बघून झालं की मगच ते "या, बसा" म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ भलतेच गर्विष्ठ दिसतात. मलाही पहिले दोन महिने तसंच वाटलं. मग एक दिवस मी नवी चप्पल घालून गेले आणि मास्तरांनी मान वर न करताच विचारलं, "ताई, उजवी चावते का?" घरात चार माणसं होती, पण कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

खेड्यावरून येणारी माणसं एक्सरेलाही फोटो म्हणत आणि सिटी स्कॅनलाही फोटोच म्हणत. फोटो काढणारे म्हणून हे फोटोमास्तर. यवतमाळच्या बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर आमचं स्कॅन सेंटर होतं. मी तिथं रिपोर्ट टाइप करायला लागले तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. माहेरी-सासरी सगळे कचेरीतले, त्यामुळे सरकारी नसलेल्या नोकरीला नोकरी म्हणावं की नाही, यावर आमच्याकडे बरेच दिवस खल चालला होता. मास्तरांची तेव्हा पन्नाशी उलटलेली. मे महिन्यातल्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. त्याआधी वीसेक वर्षं त्यांनी नुसते एक्सरे काढले होते आणि त्यातही कानामागच्या हाडाचा एक्सरे ही त्यांची खासियत. डोकं नेमकं किती कलतं करायचं ते यंत्रावरच्या आकड्यांवरून नाही, हाताच्या अंदाजानं ठरवायचे.

"हालू नका" हे त्यांचं वाक्य दिवसातून पन्नासदा कानावर पडायचं. वऱ्हाडीत, हिंदीत, तांड्यावरच्या बायांना त्यांच्या गोरबोलीत. एका कोलाम म्हाताऱ्याकडून त्यांनी तेवढ्यापुरती कोलामीही शिकून घेतली होती. कानाच्या आतलं सगळं इतकं बारीक, की पेशंटनं नुसता आवंढा गिळला तरी फोटो बिघडायचा. गंमत म्हणजे यंत्र फिरत असताना मास्तर स्वतःही श्वास रोखून उभे राहायचे. मी एकदा चिडवलं, "मास्तर, तुम्ही तर काचेच्या या बाजूला आहात. तुम्ही हललात तर काय बिघडेल?" म्हणाले, "मी हाललो तर त्याले वाटन, चालते." पुढं मीही टाइप करायचं थांबवून बसायला लागले.

त्यांचा एक कडक नियम होता: "आपन फोटो काढाचा. वाचाचा नाही." नातेवाईक दारात गाठून विनवायचे, "साहेब, काय दिसलं तेवढं सांगा ना जी." मास्तर हात जोडायचे आणि डॉक्टरसाहेबांच्या खोलीकडे बोट दाखवायचे. फिल्मवर त्यांना काय दिसायचं आणि काय कळायचं हे मला ठाऊक होतं. पुष्कळदा डॉक्टरसाहेब रिपोर्ट सांगायच्या आधीच मास्तरांच्या चेहऱ्यावरून मला कळायचं. पण शब्द म्हणून निघायचा नाही. मला याचा राग यायचा. एवढं कळतं तर बोलत का नाही हा माणूस?

माझ्याशी मात्र बोलायचे. कानाचा फोटो निघाला की मला हाक मारून काचेच्या दिव्यावर फिल्म लावायचे. "हे पाहा, गोगलगाय. अडीच वेटोळी हायेत. हिच्यातून ऐकू येते. आन् हिच्याजवळ ह्या तीन कड्या. ह्याईच्या भरवशावर मानूस उभा राहते." पांढऱ्या हाडात खरंच गोगलगायीचा शंख आणि शेजारी तीन अर्ध्या बांगड्या. मी विचारलं, यातलं महत्त्वाचं काय? म्हणाले, "ऐकू नाही आलं तर मानूस जगते ताई. पन जो झोकांड्या खाते, त्याले लोक जगू देत नाही."

ती वर्षंच तशी होती. कापसाचं सगळं बिनसलेलं, गावोगाव माणसं जात होती आणि "घेतलं" या शब्दाला आमच्या जिल्ह्यात एकच अर्थ उरला होता. काय घेतलं, हे कुणी विचारत नसे. फवारणीचं औषध घरोघरी. कुणी उलट्या करू लागला, कुणाचा तोल गेला, की घरातली माणसं आधी त्याचं तोंड हुंगायची आणि मग कोपऱ्यातल्या बाटल्या मोजायची. "मी काही घेतलं नाही," असं तो सांगायचा. पण ज्यांनी घेतलेलं असायचं तेही आधी हेच सांगायचे. त्यामुळे त्या "नाही"वर कुणाचाच विश्वास राहिला नव्हता, नवऱ्याचाही नाही आणि आईचाही नाही.

अशाच एका भाद्रपदात दारव्ह्याच्या पलीकडच्या एका गावातून वनिताला आणलं. वय बावीस-तेवीस, लग्नाला तीन वर्षं झालेली. सोबत नवरा आणि सासू. चुलीपुढून उठताना ती धाडकन पडली होती, उलट्या थांबत नव्हत्या, दोन दिवस ती दवाखान्यात होती, तिथं नळी घालून पोट धुतलं होतं. विषाचा पुरावा मिळाला नव्हता आणि चक्करही थांबली नव्हती, म्हणून डोक्याचा फोटो सांगितला होता. माहेरचे म्हणत होते, सासरच्यांच्या जाचानं घेतलं. सासरचे म्हणत होते, जाच कसला, तिनंच का घेतलं ते तिला विचारा. पोलीस जबाब घेऊन गेले होते. आणि ती एकच वाक्य बोलत होती, "म्या काई नाही घेतलं." नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभा होता. ती आत आली तेव्हा अत्तराचा घमघमाट सुटला. मला आपलं वाटलं, आजारपणातही नटायची हौस बघा. माझी जीभ तेव्हा फार तिखट होती. बरं झालं, मनातल्या मनातच बोलले.

मास्तरांनी तिची पावलं बघितली आणि तिला टेबलावर झोपवलं. माझं टेबल काचेपाशी होतं, आतलं बोलणं माइकमधून ऐकू यायचं. डोकं हलू नये म्हणून ते दोन्ही बाजूंनी गाद्या लावत होते. उजवी गादी कानाला टेकली मात्र, ती किंचाळली, "फिरलं! सारं फिरलं!" आणि तिनं टेबलाच्या कडा घट्ट धरल्या. मास्तरांनी गादी काढली. मग कानाच्या पुढच्या पाळीवर अलगद बोट दाबून त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. त्यांना कुणाच्या डोळ्यांत बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिची बुबुळं एका बाजूला सरकत होती आणि झटक्यानं परत येत होती.

"हा कान कधीपासून वाहते?" त्यांनी विचारलं.

"कान नाही वाहत."

"मंग अत्तर कायले लावलं बाई?"

मग ती इतक्या हळू बोलली की मी खुर्चीवर पुढं सरकले. "मायनं शपथ घातली हाय. लहानपनापासून वाहते. लग्न जुळलं तवा माय म्हने, जीव गेला तरी कानाचं नाव काढजो नोको. दादा, तुमी बाहेर सांगू नोका. औषध घेतलं म्हना. घेतलं म्हटलं तर रागावतीन, पन ठेवतीन. कानाचं समजलं तर फसवलं म्हनतीन आन् धाडून देतीन."

दोन दिवस जी बाई "नाही घेतलं" म्हणून ओरडत होती, तीच आता घेतलं म्हणा, म्हणून हात जोडत होती. मास्तर म्हणाले, "आता बोलू नको. हालू नको." आणि काचेच्या अलीकडे आले.

चिठ्ठीवर फक्त डोक्याचा फोटो लिहिलेला. तो काढला, मेंदू स्वच्छ. काम संपलं होतं. तिला उठवून बाहेर पाठवलं असतं तर कुणी एक शब्द विचारला नसता. मास्तर बटणांपुढे उभे राहिले, मनगटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी कानाचे बारीक काप लावले. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणाची परवानगी नव्हती. ते जुनं यंत्र एकेक काप वेगळा घ्यायचं. पंधरा मिनिटं ते आणि ती, दोघंही दगडासारखी निश्चल.

डॉक्टरसाहेब संतापले. "हे कोणी सांगितलं होतं?" मास्तर म्हणाले, "कोनी नाही साहेब." डॉक्टरसाहेब आणखी बोलणार होते, पण तोवर त्यांची नजर फिल्मवर गेली आणि ते खुर्ची ओढून बसले. उजव्या कानातल्या तीन कड्यांपैकी बाहेरच्या कडीचं हाड एका जागी खाल्लं गेलं होतं. कानाचं छप्पर म्हणजे मेंदूखालचं पातळ हाड. त्यालाही भोक पडलेलं. कानात वर्षानुवर्षं साचत गेलेली घाण हाड खात खात मेंदूच्या दाराशी पोचली होती. "नागपूरला, आजच," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि नातेवाइकांना बोलवा म्हणून त्यांनी मला खूण केली. कान लहानपणापासूनचा आहे, हे ते सांगणारच होते. न सांगून कसं चालेल? नागपूरचे डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार होते.

मास्तर दारात आडवे उभे राहिले. "पाच मिन्टं द्या साहेब. आधी तिच्या सासूशी मी बोलतो." मी चाटच पडले. तीनेक वर्षांत माझ्यासमोर नातेवाइकांशी "तिकडे जा" यापलीकडे न बोललेला माणूस!

सासू व्हरांड्याच्या पायरीवर कागदांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. वाळकी, चापूनचोपून नेसलेली बाई. मास्तर तिच्या शेजारी पायरीवरच बसले. मी पाण्याचा पेला घेऊन गेले होते, ती तशीच उभी राहिले.

"मावशी, तुमच्या सुनेनं काई घेतलं नाही," मास्तर म्हणाले. "तिचा कान सडला हाय. आतलं हाड खाल्लं. लहानपनापासूनचं दुखनं हाय. तिच्या मायनं तुमाले सांगतलं नाही. तिले शपथ घातली. चूक झाली त्याहीची. पन आज तुमी तिले नागपूरले नेलं नाही, तर पोट्टी हातची जाईन."

बाई पिशवीचे बंद गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"कानाचं. लग्नाच्या आठव्या दिवशी समजलं. उशीले वास येत होता. म्हटलं, बोललं तर पोरीले लाज वाटंन, घरात बोभाटा होईन. म्हनून बोलली नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बाजाराच्या दिवशी अत्तराची शिशी मीच आनून ठेवत होती तिच्या फनीजवळ. कोन आनते, तिनं कधी इचारलं नाही. म्याही सांगतलं नाही."

मास्तर मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मावशी, अत्तर आनलं. डॉक्टरकडे नाही नेलं."

"तिच्या भल्यासाठीच चूप बसली जी," असं म्हणून ती बाई जी रडायला लागली, ती नागपूरला न्यायची जीप येईपर्यंत रडत होती. मी पेला घेऊन तशीच उभी होते आणि माझ्याही डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. आईनं लपवलं ते मुलीचं घर वसावं म्हणून. सासूनं लपवलं ते सुनेची लाज राहावी म्हणून. मुलीनं लपवलं ते शपथेपायी. सगळ्यांची माया खरी होती, आणि त्या मायेनं तिला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं होतं. नवऱ्याला सांगायचं काम सासूनंच केलं. तो मग आत गेला आणि वनिताला उचलूनच बाहेर घेऊन आला.

संध्याकाळी सेंटर रिकामं झाल्यावर मास्तर माझ्या टेबलापाशी येऊन बसले. म्हणाले, "ताई, मागच्या साली दिग्रसकडचा एक मानूस आलता. जिनिंगमध्ये काम करे. असाच झोकांड्या देत आलता. कानात कापसाचा बोळा होता, मले दिसला. चिठ्ठीवर डोक्याचा फोटो होता. म्या डोक्याचाच काढला. साफ निघाला. म्या म्हटलं, आपन फोटो काढाचा, वाचाचा नाही." त्यांनी मनगटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "चार महिन्यानं परत आनला, तवा मेंदूत पू होता. वाचला नाही. गावात अजून म्हनतेत, त्यानं घेतलं." तो रिपोर्ट मीच टाइप केला असणार. मला आठवला नाही, आणि याची मला आजही शरम वाटते. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून तो नियम मी पुन्हा ऐकला नाही. चक्कर येणारा पेशंट आला, की दारातच, चारचौघांत, खणखणीत आवाजात ते विचारायचे, "कान वाहते का?" लोक ओशाळायचे. मास्तर ओशाळायचे नाहीत.

नागपूरला ऑपरेशन झालं आणि वनिता वाचली. उजव्या कानानं ऐकू येणं कायमचं गेलं, पण भोवळ गेली. तिची आई मात्र पुसदकडून एकटी येऊन सेंटरमध्ये मास्तरांना वाट्टेल ते बोलून गेली. पोरीचं घर मोडायला निघाले होते, म्हणाली. मास्तरांनी उभ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी तिला विचारलं, "आता पोट्टी कुठी हाय?" ती म्हणाली, "सासरीच हाय." मास्तर म्हणाले, "मंग बसा. चहा घ्या." ती बसली नाही, पण जाताना दारापाशी थांबून मागं वळून बघून गेली. हिवाळ्यात वनिता आणि सासू तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आल्या. वनिता दारातून माझ्या टेबलापर्यंत भिंतीला हात न लावता सरळ चालत आली. मास्तरांनी तेवढं बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझ्या मुलीला सहाव्या वर्षी गालफुगी झाली आणि महिनाभरानं लक्षात आलं, की तिला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही. मास्तरांनीच तिचा फोटो काढला. फिल्म दिव्यावर लावली, मी धावत गेले. गोगलगाय जागेवर, तिन्ही कड्या सुरेख, हाड दुधासारखं पांढरं. मी म्हटलं, "मास्तर, सगळं तर चांगलं आहे!" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "फोटो साफ हाय ताई. कान बंद हाय. दोन्ही खरं हाय. फोटोत सारं दिसत नाही." किती तरी लोकांचे रिपोर्ट मी या हातानं टाइप केले होते, पण त्या खोलीत पेशंटची आई म्हणून बसणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला रिक्षात बसवताना ते एवढंच म्हणाले, "लपवू नका बरं." मी डोळे पुसत म्हणाले, "मी कशाला लपवीन मास्तर?"

पुढं दोनेक वर्षांनी ते निवृत्त होऊन अमरावतीला मुलाकडे गेले. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. दुपारपर्यंत फोटो काढले आणि डबा घेऊन निघून गेले. अधूनमधून फोन यायचा. मग तोही थांबला. ते गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं, तेही डॉक्टरसाहेबांकडून. माझे वडील गेले तेव्हा रडायला माणसं होती. मास्तरांसाठी कुणापाशी रडावं, ते मला कळेना.

मागच्या वर्षी मुलीसाठी पहिलं स्थळ आलं. मुलगा नागपूरला इंजिनियर, घर चांगलं. नवरा म्हणाला, "कानाचं आज लगेच नको. जुळलं तर मग सांगू." नणंद म्हणाली, "एका कानानं येतं ना ऐकू? मग सांगायचं तरी काय त्यात?" मी काही बोलले नाही. पाहुणे यायच्या आधी मी बैठकीतल्या खुर्च्या लावल्या. मुलीची खुर्ची भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली, म्हणजे सगळे तिच्या उजव्या बाजूला येतील. सगळं कसं छान जमलं. पाहुणे आले, पोहे झाले, मुलाची आई तिच्याशी बोलत होती, मुलगी नीट उत्तरं देत होती. मी समाधानानं ती खुर्ची बघत होते आणि एकदम लक्षात आलं, की ती खुर्ची मी तिथं का ठेवली आहे. वनिताच्या आईनं यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

मी खुर्चीत पुढं सरकले. नवऱ्यानं डोळ्यांनीच 'नको' म्हणून खुणावलं. मी बोलले. म्हटलं, "एक सांगायचं आहे. हिला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही. लहानपणी गालफुगी झाली होती, तेव्हापासून." मुलाची आई "असं का, बरं बरं" म्हणाली आणि चहाचा कप खाली ठेवला.

त्यांचा निरोप आला नाही. नवरा आठवडाभर धुसफुसत होता, ते मी समजू शकत होते. पण मुलीनं माझ्याशी बोलणं टाकलं, ते मला सोसेना. सगळं आयुष्य रिपोर्ट टाइप करण्यात गेलं, पण पोरीच्या मनातलं वाचता येईना. तिच्या अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते, ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, तू सांगितलं त्याचा राग नाही आला मला," ती म्हणाली. "मी तिथंच बसली होती. मला विचारलं का तू?"

मी हातातलं पीठ झटकून तिच्याकडे वळले.

"पुढच्या वेळेस माझं मी सांगीन," ती म्हणाली. "आणि ते पोहे खायच्या आधी सांगीन."